बर्फ वाचताना : कर्लिंगचा इतिहास आणि आपली प्रयोगवही

खेळपट्टी वाचणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नाणेफेकीआधी कर्णधार खाली वाकून माती दाबून बघतो, भेगा बघतो, गवत किती ठेवलंय ते बघतो. कॅरम खेळणारा बोर्डावरून बोटं फिरवतो आणि पावडर किती टाकायची ते ठरवतो. कर्लिंग नावाच्या खेळात हेच काम बर्फावर करावं लागतं. फरक एवढाच की सामना चालू असताना हा बर्फ दर दहा-पंधरा मिनिटांनी थोडा थोडा बदलत असतो.

हा खेळ आपल्या पट्ट्यातला नाही. तरी संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा इतिहास सांगावासा वाटतो, त्याला कारण आहे. प्रयोगात 'परिस्थिती' नावाचा जो भाग आपण वहीच्या कोपऱ्यात दोन ओळींत उरकतो, तोच भाग समजून घ्यायला या खेळाला काही शतकं लागली. आणि तो नीट नोंदवला नाही म्हणून भौतिकशास्त्रज्ञांचा एक वाद जवळजवळ शंभर वर्षं लांबला.

खेळ थोडक्यात

सुमारे ४५ मीटर लांब आणि जास्तीत जास्त ५ मीटर रुंद अशी बर्फाची पट्टी असते, तिला शीट म्हणतात. पलीकडच्या टोकाला बर्फात रंगवलेली वर्तुळं असतात. सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ३.६६ मीटर. या वर्तुळांना मिळून हाऊस म्हणतात आणि मधल्या बिंदूला टी. चार-चार खेळाडूंचे दोन संघ. प्रत्येक डावात (त्याला एंड म्हणतात) एका संघाचे आठ दगड. दगड ग्रॅनाइटचा, वजन १७ ते २० किलोच्या दरम्यान, वर मूठ बसवलेली. खेळाडू तो पुढे सरकवतो आणि सोडताना मुठीला हलकासा पीळ देतो. दगड सावकाश फिरत, शेवटी शेवटी एका बाजूला वळत जातो. त्याच्यापुढे दोघं जण ब्रशने बर्फ घासत पळतात.

पलीकडे हाऊसमध्ये संघाचा कर्णधार उभा असतो, त्याला स्किप म्हणतात. तो आपला ब्रश बर्फावर टेकवून नेम दाखवतो. पण दगड जिथे पोचायला हवा तिथे तो ब्रश धरत नाही. दगड वाटेत मीटरभर किंवा त्याहून जास्त वळणार असतो, म्हणून तेवढं अंतर आधीच बाजूला सोडून धरतो. किती सोडायचं, हा अंदाज म्हणजे बर्फ वाचणं.

आता एक दगड टीच्या दोन मीटर अलीकडेच थांबला असं समजा. का थांबला? फेकणाऱ्याने जोर कमी दिला असेल. बर्फ त्या वाटेवर मंद झाला असेल. घासणाऱ्यांनी उशीर केला असेल. किंवा तो दगडच इतरांपेक्षा जरा 'जड चालणारा' असेल. निकाल एक आणि संभाव्य कारणं चार. पुढचा दगड फेकायला मिनिटभराचा वेळ आहे. संशोधनात याला आपण चलांची सरमिसळ म्हणतो. कर्लिंगचा इतिहास म्हणजे ही चार कारणं एकमेकांपासून सोडवत जाण्याचा इतिहास आहे, असं मला वाटतं.

आधी शब्द आले

कर्लिंगचा उगम स्कॉटलंडमधल्या गोठलेल्या तळ्यांवर आणि सरोवरांवर झाला. सगळ्यांत जुन्या लेखी पुराव्यांपैकी एक १५४१ चा आहे. पेस्ली इथल्या मठाच्या परिसरात बर्फावर दगड सरकवण्याचं एक आव्हान दिलं गेलं, त्याची नोंद जॉन मॅकक्विन या नोटरीने लॅटिनमध्ये करून ठेवली. आव्हान देणारा मठातला भिक्षू होता. स्टर्लिंगच्या संग्रहालयात १५११ हे साल कोरलेला एक दगडही आहे. इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबायला हवं. दगडावरचं साल म्हणजे दगडाचं वय असेलच असं नाही, कारण आकडा नंतरही कोरता येतो. नोटरीची नोंद वेगळी. ती वादाच्या किंवा कराराच्या वेळी, साक्षीदारांसमोर लिहिली जाते. दोन्ही पुरावेच, पण दोघांचं वजन सारखं नाही.

मात्र बर्फ कसा होता, हे या दोन्ही पुराव्यांतून कळत नाही. ते कळायला लागतं खेळाडूंच्या शब्दांवरून. स्कॉट्स बोलीत वेगाने सरकू देणाऱ्या बर्फाला 'कीन' म्हणत, आणि दगड ओढून धरणाऱ्या मंद बर्फाला 'ड्रग'. यातला 'कीन' आजही जगभरच्या क्लबांत वापरात आहे. पाऊस, वितळणं, वर पडलेला भुरभुरीत बर्फ, रात्रीतून पुन्हा गोठलेला थर, या सगळ्यांतून तळ्याचा पृष्ठभाग रोज निराळा होई, आणि खेळाडूंना त्यासाठी निराळे शब्द लागत. आपल्याकडे शेतकरी वाफसा आला की नाही हे मूठभर माती दाबून ओळखतो. तसलंच हे ज्ञान. त्याचं मोजमाप नव्हतं, तरी त्यावर निर्णय घेतला जात होता आणि निर्णय चुकला तर लगेच कळत होतं.

शब्द हा पुरावा म्हणून किती चालतो? एखाद्या समाजाला कोणते फरक जाणवत होते, हे शब्द सांगतात. पण फरक किती होता, हे सांगत नाहीत. एका परगण्यातला 'कीन' बर्फ आणि दुसऱ्या परगण्यातला 'कीन' बर्फ सारखाच असेल याची काहीच खात्री नाही. मुलाखतींवर किंवा जुन्या नोंदींवर काम करणार असाल, तर ही मर्यादा पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

दगड सारखा झाला, तेव्हा बर्फ दिसला

सुरुवातीचे दगड नदीतून किंवा माळावरून उचललेले असत. काहींना फक्त बोटं अडकवायला खाचा होत्या. पुढे मुठी बसवल्या गेल्या आणि दगडांचं वजन वाढत गेलं. त्या काळातला एक प्रसिद्ध दगड ११७ पौंडांचा, म्हणजे ५३ किलोंचा आहे. कुणाचा दगड त्रिकोणी, कुणाचा चौकोनी, कुणाचा लांबट. असा दगड वाकडा गेला तर दोष बर्फाचा की दगडाचा, हे सांगणार कसं?

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे बदलू लागलं. एडिंबराजवळच्या डडिंग्स्टनच्या संस्थेने १८०४ मध्ये खेळाचे नियम लिहून काढले. १८११ मध्ये जॉन रॅमसे या पाद्र्याचं कर्लिंगवरचं पुस्तक आलं. १८३८ मध्ये एडिंबऱ्यात ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब स्थापन झाला, ज्याला १८४३ पासून 'रॉयल' हे बिरुद मिळालं. देशभरच्या क्लबांना एक नियमावली मिळाली आणि गोल, घडवलेले दगड सर्वत्र रूढ झाले. पुढे स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळच्या एल्सा क्रेग या छोट्याशा बेटावरचा ग्रॅनाइट नावाजला गेला. आजही ऑलिंपिकचे दगड त्याच ग्रॅनाइटचे असतात.

गोल दगडाला पीळ देता येतो. एअरशरमधल्या फेनिक गावच्या नावाने 'फेनिक ट्विस्ट' म्हणून ओळखली गेलेली युक्ती हीच : दगड सोडताना मूठ जरा फिरवायची, म्हणजे तो ठरावीक बाजूला वळतो. वाकड्यातिकड्या दगडाचं वळण हा नशिबाचा भाग होता. गोल दगडाचं वळण हे खेळाडूच्या हातातलं कौशल्य झालं. आणि दगड साधारण सारखे झाल्यावरच लोकांच्या नीट लक्षात यायला लागलं की तोच दगड, तोच पीळ, तरी आज वळण जास्त आणि काल कमी. म्हणजे फरक बर्फात आहे.

पद्धतीच्या दृष्टीने हा टप्पा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एक चल पक्कं धरल्याशिवाय दुसरं दिसत नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. इथे ते कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय, पाथरवटांनी आणि क्लबांच्या नियमांनी मिळून घडवलं.

तळ्यापासून शीटपर्यंत

दगडानंतर पाळी बर्फाची. स्कॉटलंडचा हिवाळा बेभरवशाचा. खोल तळं खेळण्याइतकं गोठायला सलग बरेच दिवस कडाक्याची थंडी लागते. लार्ग्सच्या जॉन केर्नी यांनी १८२८ च्या सुमारास यावर उपाय काढला. जमीन सपाट करून, तळ पक्का करून, त्यावर पाण्याचा अगदी पातळ थर सोडायचा. तो एका रात्रीच्या थंडीत गोठतो. १८३३ मध्ये त्यांनी कृत्रिम तळी कशी बांधावीत यावर पुस्तिकाही काढली. ग्रँड क्लबचे पहिले अध्यक्ष हेच.

मोठ्या सरोवरांवरचा खेळ संपला मात्र नाही. उत्तर आणि दक्षिण स्कॉटलंडमधला 'ग्रँड मॅच' १८४७ मध्ये पेनिकुक इथे सुरू झाला. शेकडो संघ एकाच बर्फावर उतरत. उघड्यावर झालेला शेवटचा ग्रँड मॅच १९७९ चा, लेक ऑफ मेंटीथवरचा. त्यानंतर असा सामना पुन्हा जमून आलेला नाही.

खेळ छताखाली गेला, यंत्राने थंड ठेवलेल्या शीटवर. आज मोठ्या स्पर्धेत बर्फाच्या पृष्ठभागाचं तापमान उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पाण्यातले क्षार काढून टाकतात, कारण क्षार असलेलं पाणी एकसारखं गोठत नाही. मग येतो पेबल. पाठीवरच्या टाकीला नळी आणि झारीसारखं तोंड जोडून बर्फ तयार करणारा माणूस मागे मागे चालत कोमट पाण्याचे बारीक थेंब शिंपडतो. ते गोठून बर्फावर दाणे उठतात. त्या दाण्यांची टोकं पात्याने सारखी छाटून घेतात. दगडाचं बूड खोलगट असतं, म्हणून तो फक्त काही मिलिमीटर रुंदीच्या गोल कडेवर टेकतो. ती कडही अख्ख्या बर्फावर टेकत नाही, दाण्यांच्या माथ्यांवरून सरकते. अगदी गुळगुळीत बर्फावर दगड नीट पोचतच नाही, हे नवख्या माणसाला सांगूनही पटत नाही.

कॅनडातले क्लॅरेन्स 'शॉर्टी' जेन्किन्स या बाबतीत दंतकथा बनले. पाण्याची शुद्धता, शिंपडायच्या पाण्याचं तापमान, दगडाला लागणारा वेळ, हे सगळं त्यांनी चिकाटीने तपासलं. बर्फ तयार करणारा माणूस हा मैदानावरचा कामगार न राहता तंत्रज्ञ मानला जाऊ लागला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

एवढं सगळं नियंत्रणात आल्यावर बर्फ वाचायची गरज संपली का? नाही, ती सूक्ष्म झाली. दाणे दगडांखाली झिजतात, आणि ज्या वाटेने जास्त दगड जातात तिथे जास्त झिजतात. प्रेक्षकांमुळे हॉलमधली ऊब आणि दमटपणा वाढतो. दमट हवेतून बर्फावर पांढरं दव गोठतं, विशेषतः कडेला, जिथे कुणी खेळलेलं नसतं. दहा एंडांच्या सामन्यात प्रत्येक एंडला सोळा दगड, म्हणजे साधारण १६० दगड. चांगला स्किप त्यातले प्रतिस्पर्ध्याचे ८० सुद्धा तितक्याच बारकाईने बघतो. फुकटची निरीक्षणं आहेत ती.

स्टॉपवॉच, आणि उलटा वाटणारा आकडा

आता 'कीन' किती कीन, हे सांगायला घड्याळ आलं. दगड अलीकडच्या हॉग रेषेपासून (इथपर्यंत दगड हातातून सुटायलाच हवा) पलीकडच्या टीवर येऊन थांबेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजतात. हे अंतर २८.३५ मीटर. स्पर्धेच्या चांगल्या बर्फावर २४ सेकंदांच्या आसपास लागतात. जलद बर्फावर वेळ जास्त लागतो आणि मंद बर्फावर कमी!

पहिल्यांदा ऐकल्यावर हे चुकल्यासारखं वाटतं. पण बारावीच्या गणिताने उलगडतं. घर्षण सगळीकडे सारखं आहे असं तात्पुरतं धरू. मग थांबेपर्यंतचा सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या निम्मा. म्हणून सुरुवातीचा वेग = २ × २८.३५ ÷ वेळ.

वेळ २४ सेकंद असेल तर सुरुवातीचा वेग २.३६ मीटर प्रतिसेकंद येतो, आणि त्यावरून घर्षणांक सुमारे ०.०१०.

वेळ २१ सेकंद असेल तर वेग २.७० मीटर प्रतिसेकंद, आणि घर्षणांक सुमारे ०.०१३.

म्हणजे घर्षण कमी असेल तर दगड हळू सोडूनही टीपर्यंत पोचतो, आणि हळू सोडलेला दगड साहजिकच जास्त वेळ घेतो. सेकंदांचा आकडा हा दगडाच्या वेगाचा नाही, बर्फाच्या गुणाचा आहे. कोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हा आकडा काढला, हे माहीत नसेल तर स्वच्छ डेटा हातात असूनही निष्कर्ष बरोबर उलटा निघेल. (घर्षण सारखं आहे हे गृहीतकही पूर्ण खरं नाही. दगड मंदावतो तसं बर्फावरचं घर्षण वाढतं. वरचे आकडे अंदाज म्हणूनच घ्या.)

दुसरं मोजमाप अलीकडच्या टोकाला करतात. अलीकडच्या हाऊसच्या मागच्या रेषेपासून हॉग रेषेपर्यंत ८.२३ मीटर, त्याला साधारण साडेतीन ते चार सेकंद लागतात. याने फेकीचा जोर कळतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की सुरुवातीची सरमिसळ सुटायला लागते. अलीकडचा वेळ तोच, पण दगड दोन मीटर आधी थांबला? मग संशय बर्फावर. अलीकडचाच वेळ वाढला? मग संशय हातावर. इथेही पळवाट आहेच : एखादा खेळाडू सोडता सोडता दगडाला शेवटचा धक्का देतो, आणि मग अलीकडचा वेळ फसवतो. म्हणून घासणारे खेळाडू घड्याळ बघतात, आणि दगड हातातून कसा सुटला तेही बघतात.

पेला एका बाजूला, दगड दुसऱ्या बाजूला

आता त्या शंभर वर्षांच्या वादाकडे येऊ. स्वयंपाकघरातला एक पेला गुळगुळीत टेबलावर उपडा ठेवा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत पुढे ढकला. तो डावीकडे वळेल. कारण सोपं आहे. घर्षणामुळे पेला पुढच्या कडेवर जास्त दाबला जातो, तिथे घर्षण जास्त होतं, पुढची कड उजवीकडे सरकत असते, म्हणून घर्षणाचा जोर डावीकडे. कर्लिंगचा दगड मात्र त्याच दिशेने फिरवला तर उजवीकडे वळतो!

खेळाडूंना दिशा पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. कारण शोधायला भौतिकशास्त्रज्ञ उतरले विसाव्या शतकात. कॅनडातल्या ई. एल. हॅरिंग्टन यांचा प्रायोगिक अभ्यास १९२४ चा. १९९० च्या दशकात मार्क शेगेल्स्की आणि सहकाऱ्यांनी पातळ द्रवथराची कल्पना मांडली : दगडाखाली बर्फ किंचित वितळतो आणि पुढच्या बाजूचं घर्षण कमी होतं. मार्क डेनी यांनी वेगळं प्रारूप दिलं, ज्यात दगड वाटेतला बर्फाचा चुरा गोळा करत जातो. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या गटाने ओरखड्यांचा सिद्धांत आणला : कडेच्या पुढच्या भागाने दाण्यांवर तिरपे ओरखडे पडतात आणि मागचा भाग त्या ओरखड्यांच्या मागे ओढला जातो. बर्फावर मुद्दाम ओरखडे पाडून दगडाची वाट बदलते, हेही त्यांनी दाखवलं. २०१६ मध्ये शेगेल्स्की आणि एडवर्ड लोझोव्स्की यांनी दगड दाण्यांवर क्षणभर अडकून कलतो आणि मग सरकतो, असं प्रारूप मांडलं. २०२२ मध्ये जपानमधल्या रिक्क्यो विद्यापीठाच्या जिरो मुराता यांनी शंभराहून जास्त फेकींचं बारकाईने चित्रण करून डाव्या आणि उजव्या बाजूच्या घर्षणातला फरक पुढे आणला. सगळ्यांना मान्य असा एकच खुलासा अजून झालेला नाही.

हा वाद इतका का लांबला? माझ्या मते याचं एक मोठं कारण असं, की प्रत्येकाचा 'बर्फ' वेगळा होता. दाणे किती मोठे, किती छाटलेले, किती दगड आधी गेलेले, दगडाची कड किती खरखरीत, हवा किती दमट, हे सगळं जिथे सविस्तर लिहिलेलं नाही, तिथे एकाचा निकाल दुसऱ्याच्या सिद्धांताला खोटा पाडतो की फक्त निराळ्या बर्फाबद्दल बोलतो, हे ठरवता येत नाही. बर्फ तयार करणारा माणूस रोज जे नोंदवतो, ते शोधनिबंधात यायला बरीच वर्षं जावी लागली.

ब्रशचं कापड

खेळाडूंच्या ज्ञानाला कमी लेखलं की काय होतं, हे २०१५ च्या हंगामात दिसलं. घासल्याने बर्फ किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब आणि जास्त सरळ जातो, हे सर्वमान्य होतं. एडिंबरा विद्यापीठात जेन ब्लॅकफर्ड आणि सहकाऱ्यांनी घासण्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचं मोजमापही केलं होतं. पण त्या हंगामात काही नव्या खरखरीत कापडांचे ब्रश आले आणि खेळाडू सांगू लागले की आता दगड सरळ ठेवण्यापुरताच परिणाम होत नाही, एका बाजूने घासलं तर दगड हव्या त्या दिशेला नेता येतो. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला 'ब्रूमगेट' नाव दिलं. अनेक अव्वल संघांनी असे ब्रश वापरणार नाही असं जाहीरही केलं.

मे २०१६ मध्ये ऑन्टारिओतल्या केम्प्टव्हिल इथे खेळाडू, ब्रश बनवणाऱ्या कंपन्या आणि कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे शास्त्रज्ञ एकत्र आले. एकच बर्फ, एकाआड एक ब्रश, यंत्राने नोंदवलेल्या वाटा. खेळाडूंचं म्हणणं खरं निघालं. त्यानंतर जागतिक संघटनेने स्पर्धेसाठी एकच प्रमाणित कापड ठरवून दिलं. ओरखड्यांनी वाट बदलते, हे उप्सालाच्या गटाने आधी दाखवलं होतंच. तेच ब्रशच्या बाबतीत घडतंय हे पहिल्यांदा हाताला जाणवलं ते खेळाडूंच्या. पण ती तक्रार नियमात उतरली, ती चाचणी झाल्यावरच.

यंत्रालाही आधी बर्फ वाचावा लागला

२०२० मध्ये कोरिया विद्यापीठ आणि बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांनी 'कर्ली' नावाच्या कर्लिंग रोबोचं काम प्रसिद्ध केलं. त्याने दक्षिण कोरियाच्या तज्ज्ञ संघांविरुद्ध चारपैकी तीन सामने जिंकले. बातम्यांमध्ये जिंकण्याचाच गाजावाजा झाला. संशोधनाचा खरा मुद्दा वेगळा होता. रोबो संगणकाच्या आभासी बर्फावर शिकला होता, आणि खरा बर्फ तसा कधीच नसतो. म्हणून आधीच्या फेकींत अपेक्षा आणि प्रत्यक्ष यात किती फरक पडला, हे बघून पुढची फेक सुधारायची सोय त्याच्यात केली होती. स्कॉटलंडच्या तळ्यावरचा म्हातारा स्किप पहिल्या दोन दगडांत हेच करत असणार.

आपल्या वहीत काय यायला हवं

या इतिहासातून रोजच्या कामासाठी तीन सवयी घेता येतात.

पहिली : निकालाच्या आधी परिस्थिती लिहा. निकाल दिसल्यावर आठवून लिहिलेलं तापमान, रसायनाची बॅच, उपकरण किती वेळ चालू होतं, या गोष्टी नकळत निकालाला साजेशा होतात.

दुसरी : एका निकालाची दोन कारणं संभवत असतील, तर त्यांना वेगळं करणारं दुसरं मोजमाप आधीच ठरवून ठेवा. अलीकडचं घड्याळ आणि पलीकडचं घड्याळ, तसं.

तिसरी : प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांना, परिचरांना, शेतावरच्या माणसांना विचारा. 'पावसाळ्यात हे यंत्र जरा वेगळं चालतं' असं कुणी म्हणालं, तर हसून सोडून देऊ नका आणि लगेच खरंही धरू नका. वाक्य तारखेसह लिहून ठेवा आणि चाचणी कशी घेता येईल ते बघा.

सरावासाठी तो पेल्याचा प्रयोग करा. वीस वेळा ढकला, दर वेळी पेला किती सेंटिमीटर वळला ते लिहा. मग वही मित्राला किंवा मैत्रिणीला द्या, तोंडाने एक शब्दही सांगू नका, आणि वहीवरून तेच करायला सांगा. टेबल कुठलं, पुसलेलं होतं का, पेला ओला होता का, फिरवायला बोटं कुठे धरली होती, यांतलं जे जे ते तुम्हाला विचारायला येतील, ते ते तुमच्या नोंदीत राहून गेलंय.